बाकी

अव दीक्षा, पाच-चाळीसच्या दिग्रस गाडीवर
नवा बिल्ला लावून आलीस तू,
अन् डेपोच्या नळावर बाटली भरता भरता विचारलंस,
ताई, दोन लेकरं, डबे, ड्यूटी, तुमचं जमते कसं?
सांगीन म्हटलं. तेवढ्यात गाडी लागली.
आता ऐक.

कणिक रात्रीच मळजो, वरून तेलाचा हात फिरवजो,
डबा फ्रीजमध्ये. फ्रीज नसन
तर माठाच्या गळ्याशी, ओल्या फडक्यात.
ड्यूटीच्या दिवशी लसूण सोलायचा नाही, हा नियमच कर.
आइतवारी वाटीभर सोलून ठेवायचा,
तोही नवऱ्याले बसवून.
माझा प्रफुल मोटारी बांधते.
तांब्याची तार गुंडाळणारी बोटं
लसणाच्या पाकळीले काय भेतीन?

कुकरात तीन भांडी. खाली तुरीची दाळ, मधात भात, वर आलू.
पहिल्या शिट्टीले पोट्टा उठते,
दुसरीले पोरीची वेणी,
तिसरीले गॅस बंद अन् मी खाकीत.
माझ्या मायच्या चुलीले शिट्टी नव्हती.
किती वाजले ते तिले
धूर पुसत, दाराबाहेरच्या उन्हाले विचारा लागे.

आमच्या लाडखेडले साडेसहाले लाईन जाते.
दाण्याचा कूट, तिखट, काय वाटायचं ते आधीच.
मिक्सर ओरडला का शेजारचा कोंबडा दचकते.
दचकू दे.

अन् मशीन.
अर्धीच ऑटोमॅटिक, हप्त्यांवर घेतलेली,
पुसदहून माझ्याच गाडीच्या टपावर आली.
लगेजचं तिकीट मीच काढलं, माझ्याच पैशाचं.
पहिल्याच दिवशी कपडे साबणात, अन् लाईन गेली!
मग काय, अंगणात घमेलं, दोन्ही लेकरं त्यात,
चादरी तुडवल्या नाचून नाचून.
तशा चादरी मशीननं मंग कधीच काढल्या नाहीत.

बारा मिनिटं फिरते ती.
बारा मिनिटं माझ्या हातात काहीच नाही.
मले समजेच ना, हाताचं करावं काय.
झाकणावर ठेवून उभी राहिले,
मशीन थरथरे, तसे हातही.

तुले एक सांगतो, वेळ काही बंद्या नोटेत भेटत नाही,
सुट्टाच भेटते.
कूट आधी केला, त्याचे पाच.
कणकेचे आठ. वेणीवर वेणी राहू देली, त्याचे तीन.
बॅगेत खुळखुळतात दिवसभर,
अन् संध्याकाळी हिशोबाले बसलं
का कुठं गेले, पत्ता नाही.

म्हणून जमते म्हणू नको.
मुक्कामी ड्यूटी होती त्या दिवशी.
सम्यक दारातच अडवे,
आई, आमच्या तलावातल्या कासवाचं ऐक ना.
गाडी सुटत होती.
मी कानामागचा पेन काढला,
जुन्या तिकिटाच्या पाठीवर लिहून देलं,
बाकी दहा मिनिटं. खाली सही.
दोन रुपये सुट्टे नसले का प्रवाशाले देतो आपण, तसं.
पोट्टा खूश. मलेही सोपं पडलं.
मंग सवयच लागली.

मागच्या आइतवारी मशीन लावली,
तर साहेब कंपासपेटी घेऊन हजर.
अकरा तिकिटं. एकही हरवलं नव्हतं.
बेरीज करूनच आणलेली, एक तास पंचेचाळीस.
म्हणे, सुट्टे आहेत का, मॅडम?

बसले ओट्यावर त्याच्या शेजारी.
सुरू झालं कासव.
आधी त्याची पाठ, मंग पाठीवरचं शेवाळ,
मंग तो दगड, ज्याच्यावर ते दिसलं,
मंग तो दगड कोणाले आधी दिसला, त्याचं भांडण.
टुंग वाजली. मशीन थांबली.
कासव अजून पाण्यातच.

पोट्टा थांबला. तिकिटं आवरू लागला.

मी उठले,
दोरीवरच्या कालच्याच धुतलेल्या चादरी ओढल्या,
टाकल्या आत,
अन् चावी पुन्हा बारावर फिरवली.

ही युक्ती काही सांगण्यासारखी नाही, दीक्षा.
पाणी गेलं दोन बादल्या,
प्रफुलनं पाह्यलं, काही बोलला नाही.
हं, मी म्हटलं,
मंग दगडावरून ते उतरलं कसं?